कोकमाच्या अर्काने त्वचेचा कॅन्सर टळतो का, हे उंदरांवर नीट कसं तपासायचं

दरवर्षी फार्मसी, झूऑलॉजी, बायोटेकची पोरं विचारतात की सर अमुक झाडाचा अर्क आहे, अँटिऑक्सिडंट आलंय मस्त, आता स्किन कॅन्सरवर करायचंय, प्रोटोकॉल द्या. प्रोटोकॉल द्यायला काही नाही, एका पानात मावतो. पण त्या पानावर जे लिहिलेलं नसतं त्यातच सगळा घोळ होतो, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. उदाहरण कोकमाचं घेतो कारण मी स्वतः त्यावर काम केलंय आणि पहिला प्रयत्न पूर्ण वाया घालवलाय. एकच गोष्ट सुरुवातीपासून डोक्यात ठेवा, उंदराच्या पाठीवरच्या गाठी कमी होण्याची डझनभर कारणं असतात आणि तुमचा अर्क हे त्यातलं फक्त एक असतं. बाकीची सगळी कारणं आधी बंद करणं, हेच खरं काम.

थोडी पार्श्वभूमी, कारण व्हायव्हात विचारतातच. १७७५ साली लंडनच्या पर्सिव्हल पॉटने धुराडी साफ करणाऱ्या पोरांच्या अंडकोशाच्या कातडीचा कॅन्सर काजळीमुळे होतो असं लिहिलं, मग १९१५ मध्ये जपानात यामागिवा आणि इचिकावा यांनी सशांच्या कानाला महिनोन्महिने डांबर चोळून प्रत्यक्ष कॅन्सर करून दाखवला. आपल्याकडे मुंबईत डॉ. वसंत खानोलकरांनी धोतराच्या कॅन्सरचं वर्णन केलं, कमरेला रोज घट्ट आवळलेल्या कापडाखालची कातडी वर्षानुवर्षं घासली जाऊन तिथे होणारा, आणि काश्मीरातला कांगडीचा, म्हणजे अंगाशी धरलेल्या निखाऱ्यांच्या शेगडीने होणारा कॅन्सर तर प्रसिद्धच आहे. म्हणजे कातडीला एकदा धक्का बसणं वेगळं आणि तिला सतत डिवचत राहणं वेगळं, हे डॉक्टरांच्या डोळ्यासमोर होतं. १९४० च्या दशकात बेरेनब्लम, मॉट्रम वगैरे लोकांनी याच गोष्टीचं उंदरांवर मॉडेल बनवलं, आधी कार्सिनोजेनचा म्हणजे कॅन्सर घडवणाऱ्या रसायनाचा एकच हलका डोस, ज्याने एरवी काहीच दिसत नाही, आणि मग आठवडेच्या आठवडे क्रोटन ऑइल. हे क्रोटन ऑइल म्हणजे आपल्या जमालगोट्याच्या बियांचं तेल, आणि त्यातला खरा खेळाडू टीपीए नावाचा फोरबोल एस्टर, तो पुढे जर्मनीत हेकर यांनी वेगळा काढला. आजही जगभर हेच चालतं: डीएमबीए नावाचं कार्सिनोजेन एकदा, टीपीए किंवा क्रोटन ऑइल पुन्हा पुन्हा.

आत काय होतं ते समजून घ्या नाहीतर अर्क कधी द्यायचा तेच ठरणार नाही. डीएमबीए कातडीत गेलं की तिथलीच एन्झाइम्स त्याचं असं रूप करतात जे डीएनएला चिकटतं, आणि उंदरात एचरास जीनच्या ६१ व्या कोडॉनवर ए च्या जागी टी होण्याचा बदल फार वेळा सापडतो. ही पेशी मग गप्प बसते. टीपीए तिला आणि आजूबाजूच्या सगळ्यांना वाढायला लावतं, सूज आणतं, आणि ही बदललेली पेशी त्या गर्दीत पुढे जाते, तिचा पॅपिलोमा होतो म्हणजे चामखिळीसारखी गाठ. काही पॅपिलोमा बऱ्याच महिन्यांनी खऱ्या कॅन्सरमध्ये जातात, बरेचसे जात नाहीत, काही तर टीपीए थांबवलं की आपोआप गळून पडतात. त्यामुळे १८ आठवड्यांचा प्रयोग करून तुम्ही मोजता ते पॅपिलोमा, कॅन्सर नाही. हे वाक्य थिसिसमध्ये ठळक लिहा.

आता परवानगी. अर्क बनवायच्याही आधी हे. प्राण्यांवरचे प्रयोग १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याखाली येतात, देखरेख सीसीएसईए ही सरकारी समिती करते जिला जुने लोक अजून सीपीसीएसईए म्हणतात, आणि उंदरांसाठी तुमच्या संस्थेची आयएईसी म्हणजे प्राणी-नीतिसमिती फॉर्म बी हा अर्ज बघून मंजुरी देते. फॉर्म बी मध्ये उंदरांची संख्या का एवढी, याचं उत्तर लागतं, आणि इथे आपल्याकडची सगळ्यात वाईट सवय दिसते: प्रत्येक ग्रुपमध्ये सहा. सहा का? तर सिनियरने सहा घेतले होते. अहो सहाची सवय सूज मोजणाऱ्या छोट्या टेस्टमधून आली आहे जिथे प्रत्येक प्राण्याचा एक आकडा मिळतो. इथे गाठ आली की नाही आली असा हिशोब असतो. कंट्रोलमध्ये, म्हणजे अर्क न दिलेल्या ग्रुपमध्ये, ९० टक्के उंदरांना गाठी येतील आणि अर्काने त्या ५० टक्क्यांवर येतील अशी तुमची आशा असेल, तर नेहमीच्या ५ टक्के सिग्निफिकन्स आणि ८० टक्के पॉवरने प्रत्येक ग्रुपला साधारण २० उंदीर लागतात, थोडं सांभाळून घ्यायचं तर २४. सहा घेतले तर सहाच्या सहाही वाया आणि अठरा आठवडेही. कमी प्राणी वापरा म्हणजे दया, असं नाही, ज्यातून उत्तरच निघणार नाही अशा प्रयोगात सहा जीव घालवणं ही जास्त मोठी हिंसा आहे असं मला मनापासून वाटतं.

माझा सल्ला पाच ग्रुपचा. पहिला फक्त ॲसिटोन आणि वाहक द्रव (ज्यात मिसळून अर्क पाजतो तो), ८ उंदीर. दुसरा डीएमबीए आणि टीपीए आणि वाहक द्रव, २०. तिसरा आणि चौथा तेच अधिक अर्काचा कमी आणि जास्त डोस, २०-२०. पाचवा फक्त अर्क, ८, कारण अर्क स्वतःच काही करत नाही ना हे कुणीतरी बघायला पाहिजे, हा ग्रुप लोक वगळतात आणि मग रिव्ह्यूअर पकडतो. एकूण ७६. हळदीतलं कर्क्युमिन तुलनेला ठेवायचं असेल तर या लांब प्रयोगात नको, खाली सांगितलेल्या छोट्या टेस्टमध्ये ठेवा.

अर्क. आता कोकम म्हणजे आमसूल आणायचं दुकानातून आणि दळायचं, असं करू नका. आमसुलं करताना सालं मिठात आणि रसात पुन्हा पुन्हा बुडवून उन्हात वाळवतात, त्यात मीठ किती, कुठलं झाड, किती जुनं, काही कळत नाही. एप्रिल-मे मध्ये कोकणात रातांबे निघतात तेव्हा ओळखीच्या बागेतून एकाच वेळी फळं घ्या, जमलं तर दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काढलेल्या कोकण अमृता किंवा कोकण हातीस अशा नाव असलेल्या जातीची, म्हणजे पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाला तेच करून बघता येईल. फांदी पानाफुलासकट दाबून वाळवून पुण्यात बीएसआयच्या (बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडिया) वेस्टर्न सर्कलला किंवा आघारकर संस्थेत, मुंबईत असाल तर झेवियर्समधल्या ब्लाटर हर्बेरियमला दाखवून ओळख पटवून व्हाउचर नंबर, म्हणजे त्या नमुन्याचा नोंदणी क्रमांक, घ्या. आमच्या ओळखीचंच झाड आहे, हे उत्तर चालत नाही.

सालं मिठाशिवाय सावलीत किंवा ४० डिग्रीच्या आतल्या ड्रायरमध्ये वाळवा. सॉल्व्हंट कुठला, हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा मोठा आहे कारण सॉल्व्हंट बदलला की तुमच्या हातात वेगळाच पदार्थ येतो. पाण्यात कोकमाचं हायड्रॉक्सीसिट्रिक ॲसिड आणि लाल रंगाची ॲन्थोसायनिन्स येतात, सालीतलंच गार्सिनॉल हे संयुग मात्र तेलकट स्वभावाचं, ते पाण्यात जवळजवळ येतच नाही, त्याला अल्कोहोल किंवा हेक्झेन लागतं. प्रबंधाच्या प्रस्तावनेत दोन पानं गार्सिनॉलचं कौतुक आणि प्रयोग पाण्याच्या काढ्यावर, असे प्रबंध मी बघितलेत. ७० टक्के इथेनॉलमध्ये तीनदा भिजवून, गाळून, रोटाव्हेपरवर ४५ डिग्रीखाली अल्कोहोल उडवून उरलेलं फ्रीझ ड्राय करा. एचपीएलसी किंवा निदान एचपीटीएलसी (घटक वेगळे करून मोजायच्या पद्धती) करून गार्सिनॉल आणि ॲन्थोसायनिन किती ते आकड्यात लिहा. जड धातू आणि बुरशी पण तपासून घ्या.

किती अर्क लागेल ते आधी मोजा, हे कुणी सांगत नाही. २५ ग्रॅमच्या उंदराला ५०० मिलिग्रॅम प्रति किलो म्हणजे रोज साडेबारा मिलिग्रॅम. १९ आठवडे (डीएमबीएआधीचा एक आणि पुढचे अठरा) म्हणजे १३३ दिवस. जास्त डोसच्या २० उंदरांना सव्वातेहतीस ग्रॅम, २५० वाल्या २० जणांना त्याच्या निम्मा, फक्त अर्कवाल्या ८ जणांना सव्वातेरा, सगळं मिळून ६३ ग्रॅम, आणि उंदीर वाढून ३५ ग्रॅमचे होतात तेव्हा ९० च्या आसपास जातं. म्हणजे सांडलवंड, एचपीएलसी, टॉक्सिसिटी धरून १२० ग्रॅम एकाच बॅचचा पाहिजे. वाळलेल्या सालीतून २० टक्के अर्क निघतो असं धरलं तर ६०० ग्रॅम वाळलेली सालं. दहाव्या आठवड्यात अर्क संपला म्हणून बाजारातून नवीन सालं आणून दुसरी बॅच लावली तर तो प्रयोग तिथेच संपला, पुढचे आकडे दुसऱ्याच औषधाचे आहेत.

अजून एक कोकमापुरतं पण महत्त्वाचं. अर्क आंबट आहे, पीएच खूप खाली असतो. तसाच पाजला तर उंदीर खाणं कमी करतो, पाठीवर लावला तर कातडी जळते. सोडियम बायकार्बोनेटने किंवा पातळ सोडियम हायड्रॉक्साइडने न्यूट्रल करून घ्या, पण रंग बघत बघत, पीएच जास्त वर गेला की ॲन्थोसायनिन निळसर पडून तुटायला लागतात. आणि जे मीठ त्यातून तयार झालं तेवढं वाहक द्रवातही घाला.

खाणं कमी होण्याबद्दल जरा थांबून सांगतो कारण माझा पहिला प्रयोग इथेच गेला. कमी खाणाऱ्या उंदराला गाठी कमी येतात, टॅननबॉम यांनी १९४० च्या दशकातच हे दाखवलंय, अर्क-बिर्क काही नको, नुसतं उपाशी ठेवलं तरी. आमच्या अर्काच्या ग्रुपमध्ये गाठी छान कमी आल्या, सगळे खूश, आणि मग वजनाचा तक्ता काढला तर तो ग्रुप कंट्रोलपेक्षा सातत्याने हलका. अर्काने टाळलं की भुकेने टाळलं, सांगायला काही मार्गच नव्हता. तेव्हापासून दर आठवड्याला प्रत्येक उंदराचं वजन आणि प्रत्येक पिंजऱ्याचं खाद्य मोजायचंच, आणि फरक दिसायला लागला तर एक जोड-ग्रुप ठेवायचा ज्याला अर्क नाही पण अर्कवाल्यांनी काल खाल्लं तेवढंच खाद्य. खर्च वाढतो, हो. पण त्याशिवाय केलेला दावा मला तरी करवत नाही.

लांब प्रयोगाआधी दोन छोट्या टेस्ट. ओईसीडीच्या ४२३ नियमावलीप्रमाणे २००० मिलिग्रॅम प्रति किलोपर्यंत ॲक्यूट टॉक्सिसिटी (एकाच डोसने विषबाधा होते का), मग डोस ठरवा. आणि कानाच्या सुजेची टेस्ट: एका कानाला टीपीए, अर्क आधी देऊन, सहा तासांनी कानाचा ठरावीक गोल तुकडा पंच करून वजन. इथे पाच-सहा उंदीर पुरतात आणि इथे कर्क्युमिन तुलनेला ठेवता येतं. अर्काने सूज अजिबात हलली नाही तर १९ आठवड्यांच्या प्रयोगात जाण्याआधी गाईडबरोबर बसून नीट विचार करा, ७६ उंदीर वाचू शकतात.

डोस ठरवताना माणसाचा हिशोब पण करून ठेवा. उंदराचा मिलिग्रॅम प्रति किलो डोस १२.३ ने भागला की माणसाचा साधारण बरोबरीचा डोस मिळतो. ५०० भागिले १२.३ म्हणजे ४०.७, ६० किलोच्या माणसाला रोज २.४ ग्रॅम अर्क, म्हणजे २० टक्क्यांच्या हिशोबाने १२ ग्रॅम वाळलेली सालं. हे खाण्यासारखं आहे, सोलकढी-सार पिणाऱ्या घरात तर नक्कीच. पण हाच हिशोब २००० मिलिग्रॅमच्या डोसला करून बघा, रोज ४८ ग्रॅम सालं होतात, आणि अशा डोसवर आलेला चांगला रिझल्ट कुणाच्या कामाचा?

आता डीएमबीए. हा कार्सिनोजेन आहे, तुम्हालाही. प्रयोगाची तारीख लांबली तरी चालेल पण सेफ्टीची सोय नसताना बाटली उघडू नका. वजन करणं फ्यूम हूडमध्येच, शक्य असेल तर तयार वजन केलेल्या सीलबंद बाटलीत सॉल्व्हंट घालून थेट द्रावण करा म्हणजे पावडर उडणारच नाही. ॲसिटोन नायट्राइल ग्लोव्हजमधून लवकर आरपार जातं त्यामुळे दोन-दोन ग्लोव्हज आणि थेंब पडला की लगेच बदल. डीएमबीए उजेडात खराब होतं म्हणून अंबर बाटली. लावल्यावर पहिले काही दिवस पिंजऱ्यातला भुसा, विष्ठा सगळं दूषित धरा, कोरडं झाडू नका, झाडणाऱ्या मामांना आधी नीट सांगा आणि त्यांनाही मास्क-ग्लोव्हज द्या, कारण सगळ्यात जास्त धूळ त्यांच्याच नाकात जाते आणि त्यांना कुणी काही सांगितलेलं नसतं. गरोदर असलेल्या किंवा तसं ठरवत असलेल्या कुणीही यात नको. कचरा संस्थेच्या केमिकल सेफ्टीच्या माणसाला विचारून, मेलेले प्राणी २०१६ च्या बायोमेडिकल वेस्ट नियमांप्रमाणे पिवळ्या पिशवीत. टीपीए पण साधं नाही, कातडीला आणि डोळ्याला जबरदस्त आग.

उंदीर: स्विस अल्बिनो मिळतात आणि चालतात. एफव्हीबी आणि सेन्कार जातींना गाठी लवकर येतात, सी५७ ब्लॅक सिक्सला या पद्धतीने फारशा येत नाहीत, त्यामुळे तुमच्या अ‍ॅनिमल हाऊसमध्ये जे आहेत तेच, असं करू नका. माद्या घ्या. नर भांडतात, पाठीवर चावतात, आणि जखम स्वतःच प्रमोटरचं (टीपीएसारखं गाठ वाढवण्याचं) काम करते, म्हणजे टीपीए नसतानाही डीएमबीए लावलेल्या जागी जखम झाली की तिथे गाठ येऊ शकते. याचाच दुसरा अर्थ असा की केस काढताना ट्रिमरने खरचटलं तर तो उंदीर प्रयोगातून बाहेर. हेअर रिमूव्हल क्रीम मी वापरत नाही, त्याने कातडी चिडते. वय ७ ते ८ आठवडे, कारण तेव्हा पाठीचे केस विश्रांतीच्या टप्प्यात असतात. पाठीवर २ बाय २ सेंटिमीटरची जागा ट्रिमरने साफ करा, दोन दिवस थांबा, ज्यांचे केस परत उगवायला लागले त्यांना बाजूला काढा, अल्बिनोत कातडीच्या रंगावरून कळत नाही म्हणून हाच उपाय. त्यासाठी ७६ च्या जागी थोडे जास्त मागवावे लागतात, फॉर्म बी मध्ये तसं लिहूनच घ्या.

मग वजनाप्रमाणे रांग लावून चिठ्ठ्या टाकून किंवा कॉम्प्युटरने ग्रुप पाडा, हाताला आला तो पहिल्या ग्रुपला असं नको, हाताला आधी मंद उंदीर येतात. एका पिंजऱ्यात एकच ग्रुप, पण पिंजरे रॅकवर वरखाली मिसळून ठेवा आणि जागा फिरवत राहा.

वेळापत्रक असं. अर्क डीएमबीएच्या एक आठवडा आधी सुरू, रोज तोंडातून, १० मिली प्रति किलो म्हणजे २५ ग्रॅमच्या उंदराला पाव मिली. शून्याव्या आठवड्यात डीएमबीए १०० नॅनोमोल म्हणजे २५.६ मायक्रोग्रॅम, २०० मायक्रोलिटर ॲसिटोनमध्ये, एकदाच. आपल्याकडच्या बऱ्याच पेपरांत १०० मायक्रोग्रॅम दिसतो, चालतो, पण कुठलाही घ्या तो मोल आणि ग्रॅम दोन्हीत लिहा. दोन आठवडे नुसती वाट. मग टीपीए ५ नॅनोमोल आठवड्यातून दोनदा, सोळा आठवडे. बजेट नसेल तर एक टक्का क्रोटन ऑइल आठवड्यातून तीनदा, पण तेलाची प्रत्येक बाटली वेगळी निघते म्हणून पाच उंदरांवर आधी दोन आठवडे लावून कातडी फक्त लालसर होते की फाटते ते बघा, आणि पूर्ण प्रयोगाला एकच बाटली. वाहक द्रवाच्या ग्रुपलाही रोज नळी घालायची, ॲसिटोन लावायचं. १३३ दिवस रोज नळी घालायला ज्याचा हात हलका आहे त्यानेच घालावी, वाईट हाताने अन्ननलिकेला इजा होऊन उंदीर मरतात आणि ते मरण अर्काच्या नावावर लागतं.

अर्क पाठीवर लावायचं मनात असेल तर एक धोका समजून घ्या. १९८८ मध्ये अमेरिकेत हुआंग आणि सहकाऱ्यांनी टीपीएबरोबर कर्क्युमिन लावून गाठींची सरासरी संख्या डोसप्रमाणे ३९, ७७ आणि ९८ टक्क्यांनी उतरवली. भारी रिझल्ट, आणि खराच आहे, पण ९८ टक्क्यांच्या वेळी टीपीए ५ नॅनोमोल आणि कर्क्युमिन १० मायक्रोमोल, म्हणजे दोन हजार पट. शुद्ध पदार्थाचं ठीक आहे, पण तुमच्या चिकट अर्काचा एवढा थर पाठीवर असेल तर टीपीए कातडीत शिरतंय तरी का, हा प्रश्न राहतो. म्हणून अर्क आणि टीपीए यात निदान अर्धा तास-तासाचं अंतर, आणि शक्यतो तोंडातून द्या. आपल्या परळच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. सुमती भिडे आणि सहकाऱ्यांनी हळदीवर वर्षानुवर्षं काम केलं, १९९२ चा त्यांचा स्विस उंदरांच्या जठरातल्या आणि कातडीवरच्या गाठींवरचा पेपर काढून वाचा, कामाला लागण्याआधी वाचण्यासारखा आहे. अर्काचा थर पडदा होण्याचा हाच प्रश्न यूव्हीबी (उन्हातले अतिनील किरण) वापरणाऱ्यांना जास्त येतो. केस नसलेल्या एसकेएच-१ उंदरांवर यूव्हीबी देणं माणसाच्या त्वचेच्या कॅन्सरच्या जास्त जवळचं आहे, कारण माणसाला ऊन लागतं, डीएमबीए नाही. पण तिथे लाल-पिवळा अर्क आधी लावला तर तो नुसता सनस्क्रीन होऊन बसतो, म्हणून तिथे प्रकाश दिल्यानंतर लावायचा.

मोजणी. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, एकाच माणसाने, आणि त्या माणसाला ग्रुप माहीत नसावा. कोकमवाल्या उंदराच्या तोंडाला लाल डाग असतात, त्यामुळे जो पाजतो तो मोजणारा नकोच, आणि मोजायच्या दिवशी तोंड पुसून, पिंजऱ्यावर फक्त कोड लावून उंदीर आणून द्यायचे. १ मिलिमीटरच्या वरची आणि दोन आठवडे टिकलेली गाठच धरायची. प्रत्येक उंदराच्या पाठीचा कागदावर नकाशा काढा, गाठ कुठे, किती मिलिमीटर, कधी आली, गळाली तर कधी. नकाशा नसेल तर दहाव्या आठवड्यात चार आणि अकराव्यात चार दिसतात आणि त्यातली एक गळून दुसरी आली हे कळतच नाही.

आकडे चार. समजा २० पैकी १८ उंदरांना मिळून ९२ गाठी. इन्सिडन्स ९० टक्के. यील्ड म्हणजे सगळ्या उंदरांमागे, ९२ भागिले २०, ४.६. बर्डन म्हणजे फक्त गाठवाल्यांमागे, ९२ भागिले १८, ५.१. आणि लेटन्सी, पहिली गाठ यायला किती आठवडे. इन्सिडन्सला फिशरची टेस्ट, लेटन्सीला कॅप्लन-मायर आणि लॉग-रँक, गाठींच्या संख्येला मॅन-व्हिटनी किंवा निगेटिव्ह बायनॉमियल. गाठींच्या संख्येवर टी-टेस्ट लावू नका, एका उंदराला शून्य आणि दुसऱ्याला बावीस असतात तिथे सरासरी-एसडी काही सांगत नाही. आणि टेस्ट कुठली लावणार ते प्रयोगाआधीच वहीत लिहून गाईडची सही घ्या.

मध्येच थांबायचं कधी तेही आधी ठरवा. गाठ फुटून जखम झाली, एखादी गाठ १० मिलिमीटरच्या वर गेली, वजन २० टक्क्यांनी उतरलं, उंदीर कोपऱ्यात अंग फुगवून बसला आणि खात नाही, तर त्याला वेदनेशिवाय मारायचं, अजून दोन आठवडे डेटा मिळेल म्हणून ठेवायचं नाही. त्याचा त्या दिवसापर्यंतचा डेटा कॅप्लन-मायरमध्ये व्यवस्थित धरता येतो, काहीही वाया जात नाही.

शेवटी कातडी कागदावर सपाट पसरून १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये, नाहीतर ती गुंडाळते आणि सेक्शन तिरकं येतं. पॅथॉलॉजिस्टलाही कोडच द्या. यकृत आणि कातडीतलं ग्लुटाथायोन, कॅटालेज, एसओडी, एमडीए सगळे करतातच, करा, पण टीपीएने सूज आणली की हे आकडे बिघडतात आणि गाठी कमी झाल्या की ते सुधारतात, त्यामुळे अर्काने अँटिऑक्सिडंट वाढवले म्हणून गाठी कमी झाल्या हे वाक्य यातून निघत नाही. फक्त अर्कवाल्या ग्रुपमध्ये, जिथे गाठीच नाहीत, तिथे काय बदललं ते आधी बघा.

दावा करताना हात आखडता ठेवा. बीटा-कॅरोटीनचं घ्या, उंदरांत आणि आहाराच्या अभ्यासांत छान दिसत होतं. १९९० मध्ये छापलेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात त्वचेचा कॅन्सर होऊन गेलेल्या १८०५ लोकांना रोज ५० मिलिग्रॅम पाच वर्षं देऊन पाहिलं, नवीन कॅन्सर कमी झाले नाहीत, आणि पुढे १९९४ आणि १९९६ च्या मोठ्या ट्रायल्समध्ये तर सिगरेट पिणाऱ्यांचा फुप्फुसाचा कॅन्सर वाढला. उलट निकोटिनामाइड, साधं बी-३ जीवनसत्त्वाचं रूप, २०१५ मध्ये छापलेल्या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात ३८६ जणांवर ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देऊन नवीन नॉन-मेलानोमा कॅन्सर २३ टक्क्यांनी कमी झाले. माणसावरचा पुरावा असा दिसतो. तुमच्या थिसिसच्या निष्कर्षात एवढंच लिहा की या बॅचच्या, एवढं गार्सिनॉल-ॲन्थोसायनिन असलेल्या, कोकम सालीच्या ७० टक्के इथेनॉल अर्काने या डोसला स्विस अल्बिनो माद्यांमध्ये डीएमबीए-टीपीएने येणारे पॅपिलोमा इतके कमी झाले, किंवा झाले नाहीत. झाले नाहीत असं आलं तरी तो प्रबंधच आहे, सगळे आकडे टाकून लिहा. वर्तमानपत्रवाल्याचा फोन आला आणि कोकमाने कॅन्सर बरा होतो का विचारलं तर नाही म्हणून सांगा, कारण कुठेतरी एखाद्या घरात गाठ घेऊन बसलेला माणूस ती बातमी वाचून बायोप्सी पुढे ढकलतो.

आणि हे झाल्यावर २० ग्रॅम अर्क उणे २० डिग्रीला, अंधारात, व्हाउचर नंबर आणि तारीख लिहून बाजूला ठेवा, पॅराफिन ब्लॉक आणि पाठीचे नकाशेही त्याच कपाटाच्या नोंदीत. दोन वर्षांनी कुणी तुमच्या रिझल्टवर शंका घेतली तर तोच अर्क त्यांच्या हातात देता आला पाहिजे.